देवराव लॉग इन आहेत

सकाळी साडेनऊला देवरावांनी साधनाची रजा मंजूर केली. त्यानंतर लगेच गोदामातून सोयाबीनच्या बियाण्याचा ट्रक सोडला. फुरकान सर्व्हरसमोर बसून हे सगळं स्क्रीनवर वाचत होता, आणि देवरावांना वारून दोन वर्षं झाली होती.

साधनाची रजा अर्थात साधनानेच मंजूर केली होती. दर्यापूरच्या त्या बियाणे कंपनीच्या शाखेत सगळेच देवराव होते. फुरकानच्या आधी जो कॉम्प्युटरवाला होता, त्याने सगळा कारभार हेडक्लार्क देवरावांच्या खात्यावर बसवून दिला होता आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवला होता. दुसऱ्या नावाने आत शिरलं की प्रिंटर रुसायचा. देवराव गेले, पासवर्ड राहिला. लोक सकाळी येऊन देवराव व्हायचे आणि संध्याकाळी आपापल्या घरचे होऊन निघून जायचे.

हे असंच चाललंही असतं. पण यंदा अकोल्याच्या मुख्य कार्यालयाने कोणी किती काम केलं ते कॉम्प्युटरला विचारलं आणि सर्वांत कार्यक्षम कर्मचारी म्हणून देवरावांची निवड केली. मॅनेजर भगवंतराव अकोल्याला जाऊन त्यांच्या वतीने शाल-नारळ घेऊन आले. सत्कारमूर्ती स्वतः का आले नाहीत, या प्रश्नावर त्यांनी ‘बाहेरगावी गेलेत’ असं सांगितलं. नारळाची चटणी सगळ्यांनी खाल्ली. पुढे खरं काय ते बाहेर आलं आणि फुरकानला हुकूम सुटला: आज ऑफिस सुटायच्या आत देवराव सर्व्हरवरून गेले पाहिजेत, नाहीतर शाखेच्या देखभालीचं त्याचं कंत्राट दुसऱ्याला.

फुरकानने सगळ्यांना नवी खाती उघडून दिली आणि देवरावांचं बंद केलं. प्रिंटर थांबला. त्याने देवरावांना परत आणलं, प्रिंटर साधनाच्या नावावर फिरवला आणि त्यांना पुन्हा घालवलं. आता गोदामातला वजनकाटा बोलेना. परत आणलं, काट्याची सोय लावली, परत घालवलं. या वेळी हजेरीच्या मशीनने अख्खं ऑफिस गैरहजर लावलं.

“मी इथंच तं बसून आहो ना,” भगवंतराव मशीनला म्हणाले. मशीनने दखल घेतली नाही.

बॅकअपवरून जुनी मांडणी आणावी, तर तो उघडायचा अधिकार फक्त देवरावांना. फुरकानने कपाळावर हात मारला आणि देवरावांना पुन्हा बोलावलं. तेवढ्यात अकोल्याहून साहेबांचा फोन आला, झालं का म्हणून.

“जाऊनच नाही राहिले साहेब ते,” फुरकान म्हणाला. “तीन डाव काढले, तीन डाव वापस आले.”

फोन ठेवून वळला, तर चहा घेऊन पंचफुलाबाई मागेच उभी. देवरावांची बायको. नवऱ्यामागे कंपनीने तिला शिपायाचं काम दिलं होतं. फुरकानने जीभ चावली.

तिने कप टेबलावर ठेवला. “जिते होते तवाबी असेच होते, भाऊ. चाला म्हटलं का बसत.”

दुपार कलता कलता एकेक गाठ सुटली. फुरकानने देवरावांचं खातं कायमचं पुसलं आणि श्वास रोखून वाट पाहिली. प्रिंटर चालू. काटा चालू. भगवंतराव हजर. काहीसुद्धा बंद पडलं नाही, आणि दिवसभर ज्याच्यासाठी धडपडला तेच घडल्यावर त्याला का कोण जाणे, बरं वाटेना.

राहिला दाराजवळचा देवरावांचा जुना कॉम्प्युटर. त्यावर आता कोणी बसत नव्हतं, तरी तो रोज चालू असायचा. फुरकान तिकडे गेला, तर पंचफुलाबाई फडकं घेऊन आधीच तिथे.

“याले राहू द्या,” ती म्हणाली.

“काढाच लागते, मावशी. नाही तं माही रोजी जाते.”

“रोज सकायी मीच चालू करतो याले.” ती टेबलाची कड पुसत राहिली. “मले वाचता नाही येत. फोटो दिसते.”

फुरकान स्क्रीनवरचा देवरावांचा फोटो न्याहाळू लागला.

“घरच्या फोटोले हार आहे,” ती म्हणाली. “याले नाही.”

त्याने घड्याळाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. मग टेबलाखाली वाकून सर्व्हरकडे जाणारी वायर उपसली, गुंडाळली आणि आपल्या बॅगेत टाकली. त्या एकट्या पडलेल्या कॉम्प्युटरवर त्याने देवरावांचं नवीन खातं उघडलं. ना प्रिंटर, ना काटा, ना कोणाची रजा. पासवर्डही नाही. फोटो तेवढा तोच.

अकोल्याला त्याने कळवलं की सर्व्हरवर देवराव नाहीत. ते खरंच होतं.

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. घरघरत, कण्हत तो उठला. पूर्ण बाह्यांचा शर्ट, उन्हाने बारीक झालेले डोळे, खाली नाव. बाहेर अकोल्याला जाणारी जीप सवाऱ्यांनी भरत आली होती. फुरकानने बॅग खांद्याला लावली.

पंचफुलाबाईने कॉम्प्युटरचा पडदा पुसला. खुर्ची टेबलाखाली सरकवली. मग माणूस बसेल इतकी पुन्हा बाहेर ओढून ठेवली.