सरदाराचा चाकू

मुलांच्या उन्हाळी शिबिराचा, कॅम्प विंटाकूसाचा, पन्नासावा उन्हाळा तोंडावर आला आणि मँडेलकर्न कुटुंबाला इतिहासाची उबळ आली. तोवर इतिहास तोंडी होता आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. पण अर्विन मँडेलकर्नने, म्हणजे कॅम्पच्या सध्याच्या डायरेक्टरने, हिवाळाभर शहरात बसून त्याचं पुस्तक केलं. चौसष्ट पानं, जाड कागद, आणि मुखपृष्ठावर पिसांचा टोप घातलेला त्याचा बाप.

जूनमध्ये मुलं यायच्या आधी पुस्तकाची एक प्रत स्वयंपाकघरात आली. बर्निस तेव्हा कांदे चिरत होती. ती अर्विनची चुलत बहीण, त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी, आणि आई गेल्यापासून तेवीस वर्षं या स्वयंपाकघराची सर्वेसर्वा. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि पुस्तकात आईचं नाव शोधलं. ते एकोणचाळिसाव्या पानावर एका फोटोखाली बारीक अक्षरात होतं : ‘डावीकडून चौथ्या, गिटल मँडेलकर्न. यांनी स्वयंपाकात मदत केली.’

बर्निसने ते दोनदा वाचलं. मग फोटो नीट पाहिला आणि पुस्तक घेऊन ती तशीच ऑफिसात गेली.

"अर्विन, डावीकडून तिसरा घोडा आहे," ती म्हणाली.

"कुठे?"

"फोटोत. माझ्या आईच्या आधी घोड्याचा नंबर लागलाय."

अर्विन वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त भाषण करायची सवय होती आणि समोर एकच माणूस असला तरी ती सुटत नसे. गिटलकाकूंचं योगदान कोण नाकारतंय, म्हणून तर फोटो टाकला, असं तो म्हणाला. पण वाचकाच्या डोळ्यांसमोर एक चित्र उभं राहावं लागतं. १९३१ साल, कॅट्सकिलचे डोंगर, टेकडीवर उभा एक तरुण आणि त्याला पडलेलं स्वप्न.

"इतिहासाला एक नायक लागतो, बर्निस. दोन झाले की कमिटी होते."

"तू तेव्हा जन्मला तरी होतास का?"

"म्हणून तर मला तटस्थपणे लिहिता आलं."

तो जन्मला नव्हता, पण बर्निस तेव्हा दहा वर्षांची होती आणि स्वप्न कुणाला पडलं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. कुणालाच पडलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात शहरात पोलिओची साथ होती. चाळीतल्या बायका दिवसभर शिवणाच्या कारखान्यात आणि पोरं रस्त्यावर. गिटलने अकरा पोरं गोळा केली, स्वतःची एक, शेजाऱ्यांची दहा, आणि बसमध्ये कोंबून डोंगरात नेली. एका शेतकऱ्याची कोंबड्यांची रिकामी शेड भाड्याने घेतली, घासून धुतली आणि चूल मांडली. बर्निसचे वडील शहरात मशीनवर शिवत बसायचे आणि शब्बाथला, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, शुक्रवारी संध्याकाळी येऊन शनिवारभर झोपायचे. धाकटा दीर वेल्वेल, म्हणजे अर्विनचा बाप, छत्र्या विकायचा. त्या वर्षी छत्र्या खपत नव्हत्या, म्हणून तो वहिनीला मदत करायला आठवडाभरासाठी आला आणि पन्नास वर्षं राहिला.

वेल्वेलला काम येत नव्हतं, पण पोरं त्याच्यावर जीव टाकत. तो शिट्टी वाजवायचा, गाणी रचायचा. बंद पडलेल्या एका नाटक कंपनीकडून त्याने आदिवासी सरदाराचा पिसांचा टोप आणला. ‘विंटाकूसा’ हे नावही त्यानेच काढलं, संडासात बसल्या बसल्या, आणि बाहेर येऊन ते प्राचीन असल्याचं जाहीर केलं. त्या डोंगरात पूर्वी राहणाऱ्या खऱ्या आदिवासींना कुणी विचारलं नाही. विचारायला तिथे कुणी शिल्लक ठेवलेलंच नव्हतं.

अर्विनच्या पुस्तकात कॅम्पच्या रंगांवर एक अख्खं प्रकरण होतं. दर ऑगस्टमध्ये कॅम्पची लाल आणि निळी अशी फाळणी होते, आणि पाच दिवस पोरं रस्सीखेच आणि होड्यांच्या शर्यतींत एकमेकांच्या उरावर बसतात. अर्विनच्या मते लाल म्हणजे कॅट्सकिलचा सूर्यास्त आणि निळा म्हणजे तलाव. प्रत्यक्षात शेतकऱ्याकडे होड्यांच्या रंगाचे दोन डबे उरले होते. मांस आणि दूध एका भांड्यात येता कामा नये, एका चमच्यालाही दोघांनी शिवता कामा नये, हा गिटलचा देवाशी करार. तिने लाल रंगाने मांसाची भांडी रंगवली आणि निळ्याने दुधाची. मग पोरांच्या दोन टोळ्या केल्या, लाल भांडी घासणारी आणि निळी भांडी घासणारी. आधी कोण संपवतं यावरून त्यांची जुंपली, तीच अजून जुंपलेली आहे.

पण कॅम्पचा खरा देव्हारा होता तो स्वयंपाकघरामागच्या पाइनच्या झाडाखाली. तिथे चुना लावलेल्या दगडांचं एक रिंगण होतं. दर उन्हाळ्यात पहिल्या शुक्रवारी सगळी पोरं त्याच्याभोवती मुकाट उभी राहत आणि ‘शांतीच्या चाकू’ची कथा ऐकत. सरदार विंटाकूसाने शेवटचं युद्ध संपवून आपला चाकू इथे जमिनीत गाडला, आणि जो तो उपटेल तो भावाभावांत वैर आणील असं सांगितलं. पन्नास वर्षांत एकाही पोराने ते दगड ओलांडले नव्हते. एका दंतवैद्याने पत्र पाठवलं होतं की, आयुष्यात शांतीचं मोल मी त्या झाडाखाली शिकलो. भावाशी त्याचा कोर्टातला खटला तेव्हा नवव्या वर्षात होता.

त्या चाकूची गोष्ट बर्निसने डोळ्यांनी पाहिली होती. ऑगस्टची दुपार होती, ती पायरीवर मटार सोलत होती. वेल्वेलकाका भुकेने कासावीस होऊन स्वयंपाकघरात शिरला. खुंटीला सलामी, म्हणजे मसालेदार सुक्या मांसाची वळकटी, टांगलेली होती, हाताशी चाकू होता. चाकूच्या मुठीवरचा निळा पट्टा त्याने पाहिला नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं. मागून गिटल आली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, असं वाटायला लावणारी तिची रीत होती.

"भावजी, दुधाच्या चाकूने सलामी कापलीत," ती म्हणाली. "आता तो बाहेर न्या आणि पाइनखाली मुठीपर्यंत खुपसा. मी सांगेन तेव्हाच काढायचा."

बाटलेला चाकू मातीत शुद्ध होतो, अशी तिच्या माहेरची रीत होती. तीन दिवस पुरे असतात. पण दुसऱ्याच दिवशी एका पोराने वेल्वेलला विचारलं, जमिनीत ही मूठ कसली? पिसांचा टोप घातलेल्या पुरुषाने वहिनी रागावल्याचं कसं सांगावं? सरदार विंटाकूसा त्या क्षणी जन्माला आला. गिटलने खिडकीतून ते ऐकलं आणि हसून हसून ती पिठाच्या पोत्यावर बसली. ‘राहू दे,’ ती पोरीला म्हणाली, ‘पुरुषांना मोठं व्हायला काहीतरी लागतंच.’ आणि चाकू काढा, असं तिने कधी सांगितलंच नाही.

बर्निसला पुस्तकाचं तितकं दुःख नव्हतं. पुस्तकं कपाटात जातात. पण फाटकावर ब्राँझची पाटी लागणार होती, ‘संस्थापक : वेल्वेल मँडेलकर्न’. समारंभ झाला की सोमवारी तिचा मजकूर ओतायला जाणार होता आणि ती पाटी कपाटात जाणार नव्हती. आईचं नाव त्या फाटकावर लागलं पाहिजे, एवढंच बर्निसला हवं होतं.

"पुरावा दाखव," अर्विन म्हणाला. "एखादा कागद. मी इतिहासकार आहे, मला कागद लागतो."

गिटलने जन्मात कागदावर काही लिहिलं नव्हतं. जे लिहायचं ते तिने होड्यांच्या रंगाने भांड्यांवर लिहिलं होतं.

"मग सरदाराचा चाकूच का उकरत नाहीस?" ती साळसूदपणे म्हणाली. "पन्नासाव्या वर्षी, सगळ्यांसमोर."

अर्विनचे डोळे चमकले. संध्याकाळपर्यंत ती कल्पना त्याची स्वतःची झाली होती.

पुढचे दोन महिने बर्निसने मनात स्वतःला शिव्या घातल्या. पन्नास हिवाळ्यांत रंग टिकतो का? नुसता गंजका चाकू निघाला तर सरदार कायमचा खरा ठरणार होता, आणि हात दाखवून अवलक्षण केलं होतं तिनेच.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी दुपारी समारंभ झाला. जुनी पोरं आली, आता टकली आणि पोटं सुटलेली. रब्बी ब्लुमकिन आशीर्वाद द्यायला आले. जिल्ह्याच्या संग्रहालयातून मिस प्रुइट नावाच्या सडपातळ बाई कुंचला आणि छोटी थापी घेऊन आल्या. वेल्वेलकाकाला चाकांच्या खुर्चीतून आणलं. ब्याऐंशी वर्षांचा, चार वर्षांपूर्वी झटका आल्यापासून जवळजवळ मुका. त्याच्या डोक्यावर कसर लागलेला तोच टोप ठेवला होता. अर्विन हातात कर्णा घेऊन उभा राहिला आणि मिस प्रुइट उकरेपर्यंत त्याने युद्ध आणि शांतीवर वीस मिनिटं घेतली. बर्निस ॲप्रनमध्येच स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

चाकू निघाला. पात्याचा चुरा झाला होता. मूठ हाडाची, शाबूत.

"हाडाची मूठ," मिस प्रुइट हळूच म्हणाल्या. "अठरावं शतकसुद्धा असू शकेल."

"अठरावं शतक," अर्विनने कर्ण्यातून जाहीर केलं.

मिस प्रुइटनी ओल्या फडक्याने मूठ पुसली आणि कपाळाला आठी घातली. मुठीवर बोटभर रुंदीचा निळा पट्टा होता. होड्यांचा रंग, पाण्यात टिकतो तो मातीतही टिकला होता.

"निळा रंग," त्या म्हणाल्या. "या लोकांत निळ्याला काही धार्मिक अर्थ असावा."

"आहे," पहिल्या रांगेतली एस्टेल म्हणाली. ती त्या पहिल्या अकरा पोरांपैकी एक, निळ्या टोळीतली. "तो दुधाचा चाकू आहे."

तो शब्द रांगेरांगेने मागे गेला. समोर बसलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी त्या स्वयंपाकघरात भांडी घासली होती. दुधाचा चाकू मातीत का, हे म्हाताऱ्यांना सांगावं लागलं नाही. कुणीतरी रब्बींना विचारलं की, पन्नास वर्षांनी तो चालेल का. रब्बी म्हणाले, धर्मशास्त्राप्रमाणे दहा वेळा खुपसून काढायचा असतो, गाडून ठेवणं ही बायकांची प्रथा. एक बाई म्हणाली की, माझी आई एक अख्खा दिवस ठेवायची आणि ती तुमच्या बापापेक्षा धार्मिक होती. दोन मिनिटांत सभेत तीन पंथ झाले आणि सरदाराला सगळे विसरले.

अर्विनचं पितळ उघडं पडलं होतं, पण भाषणाची सवय असलेला माणूस पडला तरी बोलत पडतो. त्याने कर्णा उचलला. या डोंगरांतले मूळ रहिवासी म्हणजे इस्राएलच्या हरवलेल्या दहा टोळ्यांपैकी एक, असं काही विद्वान मानतात, तो म्हणाला, आणि आज त्याचा पुरावाच मिळाला. सरदार विंटाकूसासुद्धा दूध आणि मांस वेगळं ठेवत होता. मागच्या रांगांतून टाळ्या पडल्या. मिस प्रुइटनी वही काढली.

बर्निसला वाटलं, संपलं. खरं बाहेर काढलं तर ते खोट्याने उभंच्या उभं गिळलं.

मग इतिहासाच्या मुहूर्तावर वडिलांनी दोन शब्द बोलावेत म्हणून अर्विनने चाकू त्यांच्या मांडीवर ठेवला आणि कर्णा तोंडाशी धरला. वेल्वेलकाका त्या निळ्या पट्ट्याकडे बघत राहिला. त्याने डोक्यावरचा टोप काढला. मान वर करून कुणाला तरी शोधलं, आणि त्याची नजर दारात, ॲप्रनवर, बर्निसच्या हुबेहूब गिटलसारख्या हनुवटीवर येऊन थांबली.

"वहिनी," तो यिडिशमध्ये, चाळीतल्या जुन्या ज्यू बोलीत, म्हणाला, आणि कर्ण्यातून ते सगळ्या डोंगराला ऐकू गेलं. "काढू का आता?"

कुणीही हसलं नाही. यिडिश येणाऱ्यांनी न येणाऱ्यांना कानात सांगितलं. अर्विनला सुनवायला तिने कितीतरी वाक्यं साठवून ठेवली होती, त्यातलं एकही इथे उपयोगाचं नव्हतं. ती खुर्चीपाशी गेली, वाकली आणि आईच्या आवाजात म्हणाली,

"काढा, भावजी. तीन दिवस केव्हाच झाले."

"एकच तुकडा खाल्ला होता, वहिनी."

"तीन," बर्निस म्हणाली. "पायरीवरून मी मोजले होते."

म्हातारा रडायला लागला आणि रडता रडता हसायला लागला. बर्निसही रडली. त्यांना तसंच सोडून अर्विनने पहिल्यांदाच आपणहून कर्णा बंद केला.

सोमवारी सकाळी तो पाटीचा कागद घेऊन स्वयंपाकघरात आला. चाकूची मूठ धुऊन निळ्या खणात ठेवलेली होती. बर्निस बटाटे सोलत होती.

"सांग, काय लिहू?" तो म्हणाला. नाराजी होती, पण कागद पुढे धरलेला होता.

"संस्थापक, गिटल मँडेलकर्न."

त्याने लिहिलं. "आणि पप्पांचं?"

"वेल्वेल मँडेलकर्न यांनी मदत केली."

"एवढंच, बर्निस?"

"योगदान कोण नाकारतंय," ती पुढचा बटाटा घेत म्हणाली. "फोटो टाक त्यांचा. घोड्याच्या आधी."