छोटा गिअर

माझं नाव लहानू. दिंडोरीला ललितभाऊंच्या द्राक्षबागेत पंधरा वर्षं ट्रॅक्टर चालवला, तेव्हा गाडीतलं मला कोणी शिकवावं असं काही उरलं नाय, असं मी समजायचो. अठ्ठ्याण्णव साली भाऊंनी ती उंच जीपगाडी आणली, चारही चाकांनी ओढणारी. मोठ्या गिअरशेजारी तिला एक छोटा गिअर. भाऊंच्या मंडळी, दिशावहिनी, नाशिकच्या. त्या ओट्यावर बसून गाडीचं पुस्तक वाचायच्या. पुस्तक वाचून गाडी येते व्हय? मी लय हसलो.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी, छाटणी चालू असताना, माझ्या बायकोला, कुसाला, लाल विंचू चावला. छाटलेल्या काड्या उचलत होती. घटकाभरात अंग घामानं निथळलं, हातपाय गार पडले, दम लागला. भाऊ नाशिकला, ट्रॅक्टर क्लच खोलून पडलेला, आणि आदल्या दिवशी पावसानं रस्त्याचा पार राडा केलेला. वहिनींनी जीप काढली. "मी चालवतो," मी म्हटलं. "तुम्ही कुसाबाईंना धरून बसा," त्या म्हणाल्या. तोंडावर सांगितलं, बघा!

नाल्यात गाडी रुतली. वहिनींनी छोटा गिअर टाकला, चारही चाकांना सावकाश पण दांडगा जोर देणारा. मागची चाकं गरगर फिरली, पुढची जागची हलेनात. कुसाच्या तोंडाला फेस आला. माझं डोकंच फिरलं. "रेस करा! दाबा ना!" मी ओरडलो. त्यांनी उलट पाय काढला, साडी खोचली आणि चिखलात उतरल्या.

"लहानूभाऊ, पुढच्या चाकांच्या मध्यावरच्या या चकत्या हातानं फिरवून लॉक कराव्या लागतात. त्याशिवाय ताकद पुढं पोचतच नाही. यांच्यावर हे काय बांधलंय?"

मीच बांधलेलं. दसऱ्याला हळद-कुंकू लावून दोन्ही चकत्यांवर झेंडूची माळ, वरून नाडा करकचून आवळलेला. आमच्यात दसऱ्याची माळ सुकून आपोआप पडू देतात, तोडत नाय. त्यात बायको मरणाच्या दारात. माझा हात धजेना.

कुसा कण्हली. मग मी देवाला म्हटलं, काय रागवायचं ते माझ्यावर रागव, आणि गाठ दातानं तोडली. पलीकडची वहिनींनी तोडली. दोन्ही चकत्या फिरवल्या.

वहिनींनी क्लच हळूच सोडला आणि पाय उचलून बाजूला ठेवला. रेसवर पायच नाय! आणि आईशप्पथ, गाडी निघाली. इंजिन नुसतं गुरगुरत होतं. एक चाक घसरलं की दुसरं जमीन धरायचं. नाल्याबाहेरचा चढ छातीएवढा उभा. म्हटलं, आता बसली. नाय बसली. डोक्यावर भरली घागर घेऊन बाई चढ चढते, तशी सावकाश चढली. काचेत नुसतं आभाळ दिसत होतं. माझ्या अंगावर काटा आला. पंधरा वर्षं इंजिनावर बसून काढली, पण इतक्या हळू चालण्यात इतकी ताकद असते हे मला ठाऊक नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. मी वहिनींच्या त्या रिकाम्या पायाकडंच बघत राहिलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी कुसा उठून बसली आणि पहिलं काय विचारावं?

"गाडी तुम्ही चालवली का?"

"नाय गं. वहिनींनी."

"तरीच वाचले," ती म्हणाली.

वॉर्डातल्या बाया हसल्या. मला हसू येईना. रेस दाबून दाबून मी तिला त्याच नाल्यात पुरली असती.