सप्रेम भेट

शोभाताईंच्या दारात शेजारच्या यमुताई उभ्या होत्या. हातातला पत्र्याचा डबा त्यांनी दोन बोटांत असा धरला होता, जसा मेलेला उंदीर शेपटीनं धरावा.

"हा तुह्या घरचा व्हय का वं?"

आदल्या दिवशी शोभाताईंनीच तो रिकामा करून कचऱ्यात टाकला होता. घट्ट झाकणाचा डबा, रवा ठेवायला होईल, म्हणून यमुताईंनी उचलला, घासायला घेतला आणि मग त्यावरचा कागद वाचला. कागदावर गांधीबागेतले कापडाचे व्यापारी मधुकरराव हात जोडून उभे होते आणि खाली ठळक छापलं होतं : 'एच.आय.व्ही. बाधित बंधुभगिनींना सप्रेम भेट'. शोभाताईंनी तो कागद नखांनी खरवडून पाहिला होता. मधुकररावांचं कपाळ तेवढं निघालं. अक्षरं जशीच्या तशी राहिली.

ट्रकवर असलेला नवरा जाताना हा आजार त्यांच्या पदरात टाकून गेला होता. तेव्हापासून त्या सरकारी केंद्रातून गोळ्या आणत, नेमानं घेत आणि मिहानातल्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या पोरांना जेवणाचे डबे पुरवत. आजार ताब्यात होता. पण यंदा टायफॉइडनं त्यांना पार सोलून काढलं. "गोळ्या चालूच ठेवा, पण अंगात प्रोटीन गेलं पाहिजे," डॉक्टर म्हणाले. मधुकररावांचं मंडळ पोषणाची भुकटी फुकट देतं हे कळल्यावर शोभाताई आनंदानं गेल्या होत्या. कापडी पिशवीतून डबा मिळाला. कागद दिसला तो घरी आल्यावर.

"माह्याच घरचा," त्या यमुताईंना म्हणाल्या आणि डबा ओढून घेतला.

आपण कोणालाच सांगितलं नाही, असं यमुताई पुढे देवाची शपथ घेऊन म्हणाल्या. पण संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी डबा लावलेल्या रोहितचा फोन आला. हा पोरगा झुणका असला की भाकर वाढवून मागायचा.

"काकू, आम्ही आता कंपनीच्या कँटीनमध्येच जेवू म्हणतो."

"काहून गा? भाजी खारट झाली का?"

"नाही... तसं नाही, काकू."

त्यानं फोन ठेवला. बाकीच्यांनी तर फोनही केला नाही. परातीत भिजवलेली कणीक तशीच पडली होती. शोभाताई तिच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांच्या डोक्यात काहीतरी चढत गेलं. रडू नव्हतं ते. त्यांनी चपला घातल्या, डबा उचलला आणि थेट गांधीबाग गाठली.

दुकानात पांढऱ्याशुभ्र गादीवर मधुकरराव गिऱ्हाइकांना साड्या दाखवत होते. शोभाताईंनी डबा साड्यांवरच ठेवला.

"हे काहून चिकटवलं, सांगा मले."

मधुकररावांनी कागद पाहिला आणि घाईघाईनं त्यावर एका साडीचा पदर पसरला. "बाई, हळू बोला. गिऱ्हाईक बसलं आहे."

"माह्याही दारात गिऱ्हाईकच होतं! तुमच्या या कागदानं पळालं. तुमच्या गिऱ्हाइकाले हा शब्द ऐकू नाही गेला पाहिजे, अन् माह्या गल्लीनं वाचला तर चालते?"

"आम्ही चांगल्या मनानं देतो हो. चिठ्ठी नाही लावली तर लोक बाजारात नेऊन विकतात."

"मी विकली?" त्यांचा आवाज चिरकला. "खाऊन राहिली मी ते. दुधात टाकून, दोन्ही वेळ. अंगात ताकद नाही म्हणून आली होती तुमच्याकडे, भीक मागाले नाही. तुमच्या घरी कोणाले आजार झाला त त्याच्या कपाळावर लिहून फिरवता का?"

साड्या बघणाऱ्या दोघी उठून उभ्या राहिल्या. मधुकररावांचा चेहरा उतरला. "पुढच्या बैठकीत विषय ठेवतो," ते पुटपुटले.

"बैठक आताच घ्या. किती डबे आहेत अजून?"

मागच्या खोलीत पुढल्या वाटपाची खोकी रचलेली होती. शोभाताई गादीच्या काठावर बसल्या. "हे कागद निघेपर्यंत मी हलत नाही. येईल त्या गिऱ्हाइकाले माही कथा सांगते."

शेवटी नोकरांनी गरम पाणी आणलं. कागद भिजवून खरवडणं सुरू झालं. काम आटपेना, तेव्हा मधुकररावही बाह्या सरसावून बसले आणि स्वतःचेच फोटो सोलू लागले. शेवटचा डबा कोरा झाल्यावर त्यांनी हात पुसले.

"आता झालं समाधान?"

"नाही," शोभाताई म्हणाल्या आणि निघाल्या. माफी मधुकररावांनी मागितली नव्हती आणि मागितली असती तरी शोभाताईंनी ती घेतली नसती.

पुढचे कित्येक दिवस चूल एकटीपुरतीच पेटली. मग एका सकाळी रोहित दारात आला, मान खाली घालून.

"काकू, मी डॉक्टरला विचारलं. जेवणातून काही होत नाही म्हणाले."

"मले विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

"चुकलं माझं. डबा द्याल?"

शोभाताईंना त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. भूक लागलेल्या लेकरासारखा दिसत होता, तेही खरं.

"देईन. पण बाकीच्यांना तूच सांगायचं, माह्या नावानं, तोंड वर करून. जमते?"

त्यानं मान वर केली. मग "सांगतो" म्हणाला.

त्या बाकीच्या पोरांतला आणखी एकच जण परत आला. बाकीच्यांचं तोंड शोभाताईंनी पुन्हा पाहिलं नाही, आणि रस्त्यात दिसले असते तरी त्यांनी ओळख दिली नसती.