म्हापशाची गाडी

"काका, ही साखळेची गाडी," तिकीट फाडता फाडता कंडक्टर थांबला. "म्हापशाची ती पलीकडे उबी आसा. उतरात बेगीन."

सगुण उतरला. शेवटच्या पायरीचा अंदाज चुकला, दांडा धरला म्हणून निभावलं. डिचोलीचा हा स्टँड त्याने तीस वर्षं पाहिला होता, पण ट्रकच्या केबिनमधून. अठराव्या वर्षी तो खाणीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढला आणि पुढे ड्रायव्हर झाला. खाणी बंद पडल्यावर चिरे वाहिले, रेती वाहिली. घरची कामं स्कूटरवर. बसगाड्यांना त्याने हॉर्न मारून बाजूला केलं होतं, त्यांत बसायची पाळी कधी आली नव्हती.

साखरेने आधी त्याचा उजवा डोळा नेला. मग डाव्यासमोर मळकट पाणी साचल्यासारखं झालं. गेल्या महिन्यात स्कूटर गटारात गेली. तेव्हापासून चावी कुठे आहे हे त्याने बायकोला विचारलं नाही आणि यशोदेने सांगितलं नाही. आज म्हापशाच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे ती बरोबर यायला निघाली होती. "मी काय ल्हान पोर?" असं म्हणून त्याने तिला दारातच थांबवलं होतं.

बसच्या काचेवरची पाटी त्याला नुसती पांढरी पट्टी दिसत होती. शेजारी एक मुलगी उभी होती.

"बाय, ह्या बोर्डार काय बरयलां?"

"म्हापसा. तुमका वाचूक येणा, काका?"

तिच्या आवाजात हिणवणं नव्हतं. सगुण सातवी पास. चहाच्या हॉटेलात रोज सकाळी तोच मोठ्याने पेपर वाचायचा आणि बाकीचे ड्रायव्हर ऐकायचे. पण अडाणी म्हणवून घेणं त्या घटकेला सोपं वाटलं.

"ना," तो म्हणाला.

मुलगी त्याच्याच शेजारी बसली. नाव सिद्धी, म्हापशाला नर्सिंग शिकत होती. मुळगावचा थांबा मागे पडल्यावर ती म्हणाली, "हात दाखयात, काका." आणि त्याच्या तळहातावर तिने बोटाने अक्षर काढलं. "हो 'म'. पाटयेर पयलो 'म' दिसलो काय म्हापशाची गाडी समजूची. कळला?"

"कळला."

"परत काडूं?"

"काड."

तिने पुन्हा काढलं. स्टिअरिंगने घट्टे पडलेल्या त्या तळव्यावर तिचं बोट सावकाश फिरत राहिलं. सगुण मान हलवत राहिला. हात मागे घ्यावा असं त्याला वाटलं, पण घेतला नाही.

चढाला ड्रायव्हरने गिअर उशिरा टाकला. सगुणचा पाय आपोआप खालच्या पत्र्यावर दाबला गेला. "आता अस्नोड्याचो पूल," तो म्हणाला, आणि चाकांचा आवाज बदलला.

"तुमका कसो कळलो?"

"खूप फिरलंय ह्या वाटेन," एवढंच तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत थेंब घातले, बराच वेळ उजेड मारून पाहिलं. "उजव्याचं आता काही होणार नाही. डाव्यात जेवढं आहे ते राखू. साखर सांभाळा. गाडी मात्र चालवायची नाही."

"केन्नाच ना?"

"नाही, सगुणबाब." मग त्यांनी विचारलं, "बरोबर कोण आलंय?"

"कोण ना."

म्हापशाच्या स्टँडवर थेंबांमुळे सगळं अधिकच विरघळलं होतं. गाड्या येत होत्या, जात होत्या. कंडक्टर एकमेकांच्या आवाजावर ओरडत होते. त्यातला डिचोलीचा आवाज कुठून आला हे कळेपर्यंत गाडी हलायची. अशा दोन गेल्या. तिसरीच्या वेळी बाजूला कुणी पिशवी खाली ठेवल्याचं त्याने ऐकलं.

"बाब, माका दिसना," सगुण म्हणाला. "डिचोलेची गाडी खंयची, ती सांगशात?"

हे वाक्य घरातही तो कधी बोलला नव्हता. त्या माणसाने पिशवी उचलली. "चलात," म्हणाला, त्याचा कोपर धरला आणि गाडीत नेऊन बसवलं.

डिचोलीला गाडी बदलून आपल्या गावी, लाटंबार्शाला उतरेपर्यंत उन्हं कलली होती. दुकानापाशी चार माणसं बोलत होती, ती गप्प झाली. यशोदा थांब्यावर उभी होती. आधीच्या गाड्यांनाही ती येऊन गेली असणार, तिचा श्वास तसा लागला होता.

"पयल्याच गाडयेन येतलास म्हटला," ती म्हणाली. डॉक्टरांचं तिने विचारलं नाही.

"डोळ्यांत आसा तितक्याच रवतला, यशोदा. गाडी बंद."

घराकडची वाट शेताच्या बांधावरून जाणारी, जेमतेम एका माणसाची. लग्न झाल्यापासून त्या वाटेने तो पुढे आणि ती चार पावलं मागे, असंच ती दोघं चालत आली होती. आज यशोदा पुढे झाली.

सगुण दोन पावलं तिच्या मागून चालला आणि अडखळला. मग दुकानापाशी माणसं उभी असताना, त्यांच्या देखत, त्याने हात लांब केला आणि तिच्या खांद्यावर ठेवला.

यशोदेने मागे वळून पाहिलं नाही. तिने फक्त चाल कमी केली.