आधी प्लग काढा

मी एक कागद बोलतोय. मिरच्या भाजायच्या विजेच्या भट्टीसोबत खोक्यातून आलेलं माहितीपत्रक. कारखान्यातल्या लोकांनी मला लिहिलं, दोनदा तपासलं. आणि भट्टी विकत घेणाऱ्या रुमियानाबाईंनी न वाचताच बरण्यांच्या झाकणांच्या खणात कोंबलं. असो.

शरद ऋतू आला की आमच्या बल्गेरियातल्या गावात अंगणोअंगणी भट्ट्या लागतात. मांसल लाल मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, हिवाळ्यासाठी बरण्यांत भरायच्या. एकदा तापलेली भट्टी संध्याकाळपर्यंत बंद करायची नाही, हा इथला हट्ट.

यंदा भट्टी तापेना. त्यांच्या सूनबाई कालिनाने मला शोधलं नाही, मोबाईल उघडला. त्यात म्हणे एक पान आहे. ही भट्टी वापरणारे लोकच ते लिहितात आणि एकमेकांचं खोडतात. कोण हे लोक? नाव ना गाव! पण तिथलं वाचून तिने भट्टीच्या आतली तापणारी तार बदलली आणि भट्टी तापली. माझ्यात तारेबद्दल एवढंच: 'दुकानात न्या.' मी ओशाळलो, पण संशय काही गेला नाही.

दुपारी एका मिरचीचं देठ तुटलं आणि ती आत पडली.

"पानावर लिहिलंय, जेवणाच्या काट्याने ओढा," कालिना म्हणाली.

"सगळे तसंच करतात, काकू," कुंपणापलीकडून शेजारचा पेंको ओरडला. "घाला बिनधास्त!"

रुमियानाबाईंनी काट्यासाठी ओल्या हाताने खण चाचपला, तर मीच हाती लागलो. वरच ठळक अक्षरांत होतं: 'आत काही घालण्याआधी प्लग काढा.'

"अगं बाई! सूनबाई, प्लग काढ आधी. मेले असते की मी आज!"

कालिनाने ती ओळ लगेच पानावर लिहिली. सकाळी बघते तर गायब. पुन्हा लिहिली, पुन्हा गायब.

"मीच काढली," पेंको हसत म्हणाला. "पान कसं सुटसुटीत हवं. हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं!"

"हो का रे?" रुमियानाबाईंनी विचारलं. "मग मला 'बिनधास्त घाला' म्हणालास, तेव्हा तुला ठाऊक नव्हतं?"

पेंकोचा चेहरा उतरला. घरात जाऊन त्याने ती ओळ परत लिहिली, सगळ्यात वर.

आता मी अंगणातल्या सॉकेटशेजारी भिंतीला चिकटलोय. ती ओळ अजून पानावर आहे म्हणतात. असेल. उद्या कोण येऊन खोडेल, काय भरवसा! म्हणून बाबांनो, लिहा हवं तेवढं, मलाही सुधारा. पण काही खोडण्याआधी बघा, ती ओळ कुणाचा हात धरून ठेवतेय.