सोबतीला बसलेल्या बाई

सोबतीला बसणाऱ्या बाई आल्यापासून शाल्मलीचा हॉल खिडकीच्या बाजूने वाढू लागला. आधी एका फरशीने, मग आणखी. सांगलीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला वाढायला जागा कुठे मिळाली कोण जाणे, पण वाढला खरा. दाराकडची बाजू, जिथे शाल्मलीचं टेबल होतं, ती मात्र तेवढीच अरुंद झाली.

बाईंना गुळवणी सरांनी पाठवलं होतं. सर एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, असलेल्या मोठ्या माणसांचे कोच. अडतिसाव्या वर्षी डॉक्टरांनी शाल्मलीच्या जन्मभराच्या धरसोडीला हे नाव दिलं, तेव्हा तिला सुटल्यासारखं रडू आलं होतं. चहा अर्धा, फोन अर्धा, भाजी अर्धी चिरलेली. घरात ती आणि चौथीतली केतकी, दोघीच. पोरीचं तरी काही अर्धवट राहू नये एवढीच तिची धडपड होती.

"बाई काही करणार नाहीत," सर म्हणाले होते. "नुसत्या समोर बसतील. समोर माणूस असलं की हातातलं काम सुटत नाही."

बाई खरंच बसून असत. उठताना त्या कधी दिसल्या नाहीत. पण शाल्मलीने टेबलावर विसरलेल्या चहाचा कप त्यांच्या बाजूला रिकामा सापडे. दोन हिवाळे अर्धा विणून पडलेला स्वेटर पुरा झाला आणि बाईंच्या अंगात दिसला, बाह्या अगदी मापात. आईशी चाललेला फोन मधेच टेबलावर ठेवून ती गॅलरीत कपडे काढायला गेली, आणि संध्याकाळी आई म्हणाली, "आज किती दिवसांनी पोटभर बोललीस गं." शाल्मलीच्या मनात पाल चुकचुकली.

तिने सरांना फोन केला.

"सर, त्या माझी कामं पुरी करतात."

"होतात ना पुरी?"

"होतात. पण मग ती त्यांच्या बाजूला जातात."

"जो पुरं करेल त्याचंच ना ते, ताई," सर म्हणाले. "आणि हॉल? वाढतोय का?"

हॉलचं तिने त्यांना सांगितलंच नव्हतं.

आता डोळ्यात तेल घालून पाहायचं तिने ठरवलं. मुद्दाम अर्धीच पोळी लाटून ठेवली आणि बेडरूमच्या दाराआड लपली. फटीतून बाई दिसत होत्या. तेवढ्यात दारामागच्या खुंटीवर केतकीचा गणवेश दिसला. त्याचं बटण लोंबत होतं. ती सुईदोरा आणायला गेली, एक टाका घातला, मग कात्री शोधत बसली. आपण कशासाठी लपलो होतो हे आठवलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. दाराच्या फटीतून बाई तिच्याकडे पाहत होत्या. गणवेशाचं बटण लावून झालेलं होतं.

संशय घ्यायचं कामही तिने अर्ध्यावर सोडलं, ते बाईंकडे गेलं. त्यांनी ते मन लावून केलं. शाल्मली गॅसकडे वळली की त्यांची मान वळे. तिने केतकीला हाक मारली की त्या कान टवकारत.

"या कोण गं, आपल्या घरात?" एकदा त्यांनी केतकीला हळूच विचारलं.

"आई आहे," केतकी म्हणाली, पण जरा विचार करून.

सोमवारी सकाळी शाळेच्या रिक्षाला थोडा अवकाश होता. शाल्मलीने दूध गॅसवर ठेवलं आणि केतकीला पुढ्यात घेतलं. दाराकडची बाजू आता इतकी अरुंद होती की टेबलाची कड शाल्मलीच्या बरगड्यांना टेकली होती. एक वेणी झाली, दुसरी निम्म्यावर आली, आणि रिबीन सापडेना. रिबीन पार खिडकीपाशी, बाईंच्या हातात होती. तिला इस्त्रीही केलेली होती.

बाकी सगळं गेलं तरी चालेल, ही वेणी सोडायची नाही. शाल्मलीने मूठ आवळली.

"आई, रिबीन दे ना," केतकी म्हणाली. तिचं तोंड खिडकीकडे होतं.

"उठू नकोस," शाल्मली म्हणाली.

केतकी उठली आणि चालू लागली. हॉल तिच्यापुढे लांबत गेला आणि मागे तिचे केसही. शाल्मलीने पेड सोडले नाहीत. ती गुंफत राहिली, शेवट काही येईना. दूर खिडकीपाशी बाईंनी साडी सावरून मांडीवर पोरीसाठी जागा केली.

"झाली का घालून?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"होत आली," शाल्मली म्हणाली.

स्वयंपाकघरात दूध वर येऊ लागलं.