गाडी एक वाजता सुटते

“विषय तिसऱ्यांदा परत आलाय, उस्ताद राफत.” इन्साफने कागद माझ्या टेबलावर टाकला. “आता काय करू मी?”

मिन्या शहराच्या विद्यापीठात लोकांचे संशोधनाचे विषय नोंदवण्यात माझी एकतीस वर्षं गेली. इन्साफ दवाखान्यात डायलिसिसची नर्स, चाळिशी ओलांडलेली. दुपारी दोनच्या आत विषय मंजूर झाला नाही, तर तिची नोंदणी रद्द होणार होती. कागदावर होतं, ‘इजिप्तमधील मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या जीवनमानाचा सर्वंकष अभ्यास’. असले मथळे वाचून वाचून मला वीट आला आहे. तरुणपणी मीही असाच एक नोंदवला होता. तो अजून कपाटात पडून आहे.

“अख्खा इजिप्त कशाला डोक्यावर घेतेस, बाई? कामावर तुला काय खटकतं, ते सांग.”

ती खुर्चीत टेकली. “गावाकडच्या बायका. मशीनवर चार तास हवेत, तर साडेतीन तास झाले की सुया काढा म्हणून मागे लागतात. डॉक्टर म्हणतात, अडाणी आहेत. पण पुरुष थांबतात की!”

“मग या का नाही थांबत?”

“गावाकडे जाणारी गाडी एकला सुटते ना. पुढची थेट चारला. घरी चूल कोण पेटवणार?”

“आणि गाडी दीडला सुटली तर? किती जणी थांबतील?”

“माहीत नाही.”

“हाच तुझा विषय. लिही.”

तिने लिहिलं आणि विषय मंजूर करणाऱ्या प्राध्यापक डॉक्टर शौकींकडे धावली. वीस मिनिटांत परत आली, तोंड उतरलेलं.

“म्हणाले, हे विचारायला विद्यापीठ कशाला? गाड्यांच्या अड्ड्यावर जा.”

दोन वाजले. मी मंजूर विषयांच्या यादीखाली रेघ मारली.

महिन्याने ती मूळ प्रमाणपत्रं परत न्यायला आली.

“गेले होते अड्ड्यावर,” ती म्हणाली. “ड्रायव्हर हसला. म्हणाला, आधी कुणी बोललंच नाही. दीडला काढतो की.”

“मग?”

“नऊपैकी आठ जणी पूर्ण चार तास थांबतात आता.”

मी चहा मागवला. तिने सही केली, प्रमाणपत्रं पिशवीत घातली, पण उठेना.

“नववी का थांबत नाही, तेच कळत नाहीये, उस्ताद. उद्या तिच्या घरी जाऊन बघते.”

फाइलवर ‘रद्द’चा शिक्का मारायचा राहिला होता. तिच्यासमोर मला तो मारवेना. ती जिना उतरून गेल्यावर मारला.